विमानाचा हंगाम

माघ लागला की आमच्या गॅलरीत सुकट येते. आय एक जुना ॲल्युमिनियमचा पत्रा पलंगाखालून ओढून काढते, गॅलरीत आडवा टाकते, त्यावर सुकट पसरते आणि शेजारी पाट घेऊन कावळे हाकत बसते. नवीन पनवेलात, सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाडीकडून येणारा वारा अजून ओठांना खारट लागतो. ज्या मिठागरांवरून तो पूर्वी यायचा ती कधीच गेली. तिथे आता धावपट्टी आहे, आणि यंदा तर आयच्या सुकटीवरून खरीखुरी विमानं जायला लागलीत. आय मान वर करत नाही. तिचं सगळं लक्ष कावळ्यांवर.

मला मात्र तो पत्रा बाहेर आला की गॅलरीत जाववत नाही. गेल्या माघात या पत्र्याने मला असा काही हादरा दिलाय की वर्ष उलटलं तरी मी त्यातून धड बाहेर आलेले नाही. भाजी चिरताना मध्येच सुरी थांबते. ऑफिसात कोणीतरी समोर बोलत असतो आणि मला बर्फ दिसत असतो. जो बर्फ नव्हताच.

सुरुवात भांडणाने झाली, माझ्या बहुतेक गोष्टींची होते तशी. मी कळंबोलीला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात आहे. पहाटे उठायचं, लोखंडाच्या गाड्या लावायच्या आणि दुपारपर्यंत ड्रायव्हर लोकांशी घसा फोडायचा, ही माझी नोकरी. घरी येऊन जेवून जरा पाठ टेकावी, तर वरच्या मजल्यावर बॉम्ब पडायचे. आधी घरघर, मग लांब शिट्टी, मग धडाम. वर दातार नावाचे एक गृहस्थ दसऱ्याच्या सुमारास राहायला आले होते, त्यांच्या टीव्हीचा हा प्रताप. आमच्या घरात आय आणि मी, दोघीच. आय तक्रार करायची नाही. बॉम्ब सुरू झाले की मुकाट्याने उठून स्वयंपाकघरात जायची. मी चिडले की म्हणायची, "जाव दे गो बाय, म्हातारा मानूस हाय." ती स्वतः सत्तरी ओलांडलेली.

एका दुपारी मी सगळी वाक्यं मनात घोळवून वर गेले. दार उघडंच होतं. दातार काका टीव्हीला नाक लावून उभे होते. पडद्यावर जुन्या युद्धपटातलं एक विमान थांबवून ठेवलेलं. मी म्हटलं, "काका, हे काय चाललंय?" तर वळूनसुद्धा न बघता म्हणाले, "बरं झालं आलात. तुमची नजर चांगली असेल. हे ठिगळच आहे ना?"

काकांचं हे वेड पुढे मला नीट कळलं. आयुष्यभर एका कारखान्यात ड्रॉइंग काढली, पत्नी गेल्यावर पनवेलला आले, आणि आता दिवसभर एकच उद्योग. जुन्या सिनेमांत आणि मालिकांत जी बॉम्बर विमानं वापरली, त्यांचा माग काढायचा. हे विमान त्याआधी कुठल्या सिनेमात होतं, नंतर कुठे गेलं, शेवटी कुठल्या भंगारात संपलं. जगभर असे खुळे आहेत म्हणे, एकमेकांना फोटो पाठवतात. "विमानाला जन्मखुणा असतात, मॅडम," ते म्हणाले. "रंग बदलतील, नंबर बदलतील. ठिगळ कसं बदलतील?" मग समोरच्या विमानाची कुंडली सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धातलं लिबरेटर, भंगारात काढलेलं, इंजिनं केव्हाच गेलेली. सिनेमावाल्यांनी नुसता सांगाडा घेतला आणि ट्रेलरवर घालून गावोगाव फिरवला. एका सिनेमात ते आपलं विमान होतं, दुसऱ्यात शत्रूचं. एका मालिकेत तर जंगलात पडलेलं प्रवासी विमान म्हणून झाडाझुडपांत पडून होतं. "बिचाऱ्याने सगळी कामं केली," काका म्हणाले. "दोन शेपट्या, चार इंजिनं, आणि नाकाजवळ हे पिंपळपानासारखं ठिगळ."

मी भांडण विसरले. दोन शेपट्या आणि चार इंजिनं हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि तेही विमानाची पायरी कधी न चढलेल्या माणसांच्या तोंडून.

आमच्या खाडीकाठच्या गावात वर्षं आकड्यांनी मोजायची पद्धत नव्हती. मोठ्या उधाणाचं साल, पटकीचं साल, तसा एक विमानाचा हंगाम होता. त्या हंगामात सिनेमावाल्यांनी आमच्या मिठागरावर एक मोडकं विमान आणलं. ट्रेलर बांधापर्यंत आला, पुढे गावातल्या पुरुषांनी दोर लावून ते ओढलं. नाखवाची होडी ओढताना म्हणतात तीच गाणी म्हणत. पंख्यांची पाती नव्हती, ती गावच्या सुताराने आंब्याच्या फळ्यांची करून दिली. मग त्याच पुरुषांना जाड कोट, टोप्या आणि बूट चढवले आणि ऐन उन्हात मिठावरून पळायला लावलं. घामाने माणसं भिजून निघायची आणि साहेब ओरडायचा, थंडी वाजतेय असं दाखवा. हे सगळं मी चुलत्यांकडून, शेजाऱ्यांकडून इतक्यांदा ऐकलंय की माझ्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. त्या पळणाऱ्यांत माझा बाप होता.

त्याच वर्षी श्रावणात तो काविळीने गेला. मी तेव्हा नुकती चालायला लागले होते. त्याचा फोटो नाही. लग्नात काढला नाही, नंतर काढू म्हणता म्हणता राहिला. माझ्या बापाचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही, हे वाक्य मी शाळेच्या फॉर्मपासून नातेवाइकांच्या लग्नांपर्यंत इतक्या सहज वापरत आले की त्यात काही दुखतं हे मलाच माहीत नव्हतं. काकांच्या त्या खोलीत कळलं. त्या सिनेमात तो कुठेतरी असणार. सिनेमाचं नाव गावात कोणाला ठाऊक नव्हतं. ज्यांनी काम केलं त्यांनी तो पाहिलाही नाही, आणि आता त्यातलं कोणी उरलेलं नाही. पण माणसांचा माग कोणी ठेवत नसलं तरी विमानाचा ठेवणारा एक माणूस माझ्याच डोक्यावर राहत होता.

"मिठागर असलेला सिनेमा?" काका विचारात पडले. "वाळवंट आहे, समुद्र आहे, जंगल आहे. मिठागर कुठेच नाही." तरी शोधायला लागले. मीही दुपारची झोप सोडून वर जाऊन बसू लागले. सोसायटीत काय काय बोलणं झालं असेल ते असो. आयला मी काही सांगितलं नाही. सापडलंच तर एकदम समोर ठेवायचं, असं मनात होतं. ती विचारायची, "आता त्या बॉमवाल्याशी दोस्ती झाली काय तुझी?" मी म्हणायचे, चहा चांगला करतो.

खरं तर मिठागर मला माहीत होतं, विमानच माहीत नव्हतं. बाप गेल्यावर आय मला घेऊन पनवेलला मामाच्या चाळीत आली, पण मिठाच्या हंगामात कामाला ती खाडीवरच जायची आणि मी तिच्या पदराला धरून. हंगामाच्या सुरुवातीला वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा. बायका ओळीने उभ्या राहून एका तालात पाय आपटायच्या आणि चिखल हळूहळू फरशीसारखा गुळगुळीत व्हायचा. मग खाडीचं पाणी, मग ऊन. एके सकाळी पाण्यावर पातळ साय धरलेली दिसायची आणि आय म्हणायची, मीठ धरला. मार्चच्या उन्हात त्या पांढऱ्याकडे बघवायचं नाही, डोळ्यांतून पाणी यायचं. आयच्या टाचांना भेगा, भेगांत मीठ. रात्री ती खोबरेल तेल लावायची आणि तोंडातून आवाज काढायची नाही.

एक शिस्त मात्र कडक होती. मिठाची रास घातली की तिच्यावर पायताण घालून चढायचं नाही. पावसाआधी रास गवताने शाकारायला चढावंच लागतं, पण चपला खाली काढायच्या, राशीला हात लावून कपाळाला लावायचा, मग चढायचं. मी एकदा प्लास्टिकच्या नव्या चपला घालून राशीवर धावत गेले होते. सबंध मिठागरातल्या बायका माझ्यावर धावून आल्या. आयने पाठीत घातलेला धपाटा मला अजून आठवतो. चपला हातात घेऊन मी अनवाणी खाली उतरले आणि मीठ ओरखड्यांना झोंबत होतं.

तर गेल्या माघात असं झालं. हिवाळाभर शोधून काही हाती लागलं नव्हतं आणि काका माझ्याइतकेच वैतागले होते. त्यात आयने सुकट घातली. दुसऱ्या दिवशी बेल वाजली. काका दारात, नाकाला रुमाल. "मॅडम, आपली ओळख आहे म्हणून सांगतो, त्या वासाने मला जेवण जात नाहीये." मीही म्हटलं, या, बघा, मूठभर सुकट आहे, काही मुडदा पडलेला नाही. आणि त्यांना तरातरा गॅलरीत नेलं. आय तेव्हा खाली भाजीला गेली होती.

काकांनी पत्र्याकडे पाहिलं. रुमाल खाली आला. मग ते मटकन आयच्या पाटावर बसले. मला वाटलं चक्कर आली, मी पाणी आणायला वळले, तर हा जन्माचा शाकाहारी माणूस दोन्ही हातांनी सुकट बाजूला सारत होता. पत्र्याच्या कोपऱ्यात, मी लहानपणापासून बघत आले होते ते, दुसऱ्या पत्र्याचं एक ठिगळ होतं. रिवेट मारलेलं. पिंपळपानासारखं.

"हा कुठून आला?" काकांनी विचारलं.

"आमचाच आहे," मी म्हटलं. "आधी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार होता."

ते उठून जिना चढू लागले. मी मागोमाग. त्यांच्या हातांना सुकट तशीच. त्यांनी एक सिनेमा लावला आणि श्वास सावरत सांगितलं, की या विमानाच्या नाकाजवळचा हा पत्रा एका सिनेमापर्यंत आहे आणि त्यानंतरच्या प्रत्येक ठिकाणी तिथे भोक आहे. म्हणजे पत्रा निघाला तो याच सिनेमाच्या वेळी. "पण हा सिनेमा तर बर्फातला आहे, मॅडम. हिमालयातला. म्हणून मी तुम्हाला कधी दाखवलाच नाही."

पडद्यावर डोंगर होते. मग डोंगर गेले आणि सपाट पांढरं मैदान आलं, त्यावर दोन शेपट्यांचं विमान, आणि मागे पांढरे उंचवटे ओळीने. बर्फाचे ढिगारे. मी बघत राहिले. ते ढिगारे कोणी घातलेत ते मला कळलं. बर्फ असा, एका मापाचा, ओळीत, वाऱ्याकडे पाठ करून पडत नाही. त्या राशी होत्या.

आणि दुसरी गोष्ट याहून वाईट. हा सिनेमा मी पाहिला होता. एकदा नाही, दरवर्षी. मामाच्या चाळीत एकाच घरी टीव्ही होता आणि प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास हा सिनेमा हमखास लागायचा. आम्ही पंचवीस-तीस पोरं जमिनीवर दाटीवाटीने बसायचो. शेवटी आपलं विमान येऊन शत्रूच्या तळावर बॉम्ब टाकतं आणि ते जाड कोटातले शिपाई पटापट मरतात, तिथे आम्ही उभं राहून टाळ्या वाजवायचो. मी सगळ्यांत जोरात. आय दाराशी बसलेली असायची आणि बॉम्ब पडायच्या आधी उठून पाणी भरायला जायची. चाळीत त्या वेळी पाणी यायचं नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

"यात एक गंमत आहे," काका म्हणाले. ते बिचारे विमानाच्या आनंदात होते, त्यांना माझ्याकडे बघायचं भान नव्हतं. "आमच्या ग्रुपमध्ये यावर फार हसतात. बघा, शिपाई पळतायत. आता तो कडेचा बघा."

भोंगा वाजला होता आणि शत्रूचे शिपाई जीव घेऊन पळत होते. सगळे बुटांनिशी त्या पांढऱ्या ढिगाऱ्यांवरून धडाधड वर चढले. कडेचा एक शिपाई ढिगाऱ्याशी येऊन थांबला. वाकला. त्याने बूट काढले, हातात घेतले, ढिगाऱ्याला बोटं लावून कपाळाला लावली आणि मग अनवाणी चढायला लागला.

"बर्फात अनवाणी," काका हसत म्हणाले. "काय एकेक नमुने पकडून आणत असतील."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबलं. मी काय बोलले मला आठवत नाही. पाठमोरा होता तो. तोंड दिसलं नव्हतं. पण सगळ्या फौजेत बूट काढणारा एकच होता, आणि त्या फौजेतल्या एकाच माणसाने तो पत्रा घरी नेला होता. मी जिना कसा उतरले तेही आठवत नाही.

आय भाजी घेऊन आली होती आणि विस्कटलेल्या सुकटीकडे बघून कावळ्यांना शिव्या घालत होती. मी विचारलं, "आये, हा पत्रा कुठला?"

ती सुकट सारखी करत राहिली. "विमानाचा. सामान भरून गेले तवा चिखलात परला व्हता. तुझ्या बापसानं आनला, कोंबऱ्यांना दार नाय म्हनून."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कवा इचारलास?"

मग मी सांगितलं. सिनेमा सापडला, वरच आहे, काकांकडे, त्यात तो आहे. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा विश्वास ठेवणार नाही. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "तो बरफाचा ना? मना ठाव हाय."

"कधीपासून?" मी विचारलं.

"चालीत पयल्यांदा बघला तवाच वलखला," ती म्हणाली. "मेलेला मानूस समोर पलतंय. मना घाम फुटला. तुझ्याकरं बघला, सांगाला, तर तू टाल्या वाजवत व्हतीस. तुना काय सांगू, जो मरला म्हनून नाचतंस तो तुझा बापूस हाय? बोलली, जरा मोटी होव दे. मंग तो शिनेमा लागायचाच बंद झाला."

मी हिवाळाभर तिच्यापासून जे लपवत होते ते तिने माझ्यापासून जन्मभर लपवलं होतं. मला तिचा राग आला. खूप आला, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात लक्षात आलं, की गेले काही महिने रोज दुपारी डोक्यावर बॉम्ब पडायचे आणि ही उठून स्वयंपाकघरात जायची. मग राग गेला आणि काय आलं त्याला मला नाव नाही.

"चल," आय म्हणाली. "बघू मना."

काकांच्या घरी ती पहिल्यांदाच आली. त्यांनी खुर्ची दिली, ती खाली फरशीवर बसली, टीव्हीच्या अगदी पुढ्यात, चाळीत आम्ही पोरं बसायचो तशी. काकांनी सिनेमा लावला. शिपाई पळाले. कडेचा थांबला, वाकला, बूट काढले. आयने नुसती मान हलवली. "पाय बघ कसे टाकतंय," ती म्हणाली. मी म्हटलं, "काका, थांबवा इथेच." मला पुढचं बघायचं नव्हतं. पुढे काय होतं ते मला पाठ होतं.

"नको," आय म्हणाली. "जाव दे फुरं."

घरघर आली. शिट्टी आली. मी डोळे मिटून घेतले, कारण इथे टाळ्या सुरू व्हायच्या. धडाम झालं आणि खोलीत जुन्या फिल्मचा तो खरखरीत आवाज भरला.

"डोले उघर," आय म्हणाली. "आता बघ."

धूर विरळ होत होता. शिपाई आडवेतिडवे पडले होते. राशीच्या पायथ्याशी पडलेल्या एका प्रेताने हळूच मान वर केली. टोपी निसटलेली, केसांत मीठ, पंचविशीही न गाठलेला पोरगा. नाक माझं. कपाळ माझं. भुवया आक्रसून तो थेट आमच्याकडे बघत होता, काळजीने. मग त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं, त्याने मान टाकली आणि तो पुन्हा मेला.

काकांनी न सांगता चित्र मागे नेलं आणि तो चेहरा थांबवला. "मी हे किती वेळा पाहिलंय," ते पुटपुटले. "पण मी विमानच बघत होतो हो."

मी पडद्याजवळ गेले. आता मी त्याच्या आईच्या वयाची आहे. मी विचारलं, "कोणाकडे बघतोय तो?"

"तुझ्याकरं," आय म्हणाली. "मी तुना कडंवर घेऊन कॅमेऱ्याच्या मागं बांधावर उबी व्हती. बॉम फुटला तशी तू किंचाललीस. तो मरायचा सोरून बघाला लागला, पोर का रडतंय म्हनून. मोटा सायेब जाम वरडला त्याच्यावर. बोलला, परत करा. पन बॉम एकच आनलेला. म्हनून ऱ्हायला तो."